एकशे बहात्तरचं हँडल

लुझाव्का गावचा फोटोग्राफर ओटाकर ह्लोबिल याची खरी उंची एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर होती. सांगायची उंची मात्र एकशे बहात्तर. मधले नऊ सेंटिमीटर त्यानं तरुणपणी एका नाचाच्या कार्यक्रमात घाईघाईनं मिळवले होते आणि मग जन्मभर सांभाळले होते.

झालं असं होतं, की गावच्या बंबवाल्यांच्या वार्षिक नाचाला शेजारच्या तालुक्यातली हँडबॉलची गोलकीपर आली होती. यार्मिला तिचं नाव. दारातून आत येताना तिनं सवयीनं मान थोडी खाली घातली, तिथंच ओटाकरचा जीव तिच्यावर जडला. वाइनचे दोन ग्लास पोटात घालून तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत तिच्या गळ्यातली साखळी होती.

"तू केवढा रे?" तिनं विचारलं.

तिला वय विचारायचं होतं. ओटाकरला वाटलं, उंची.

"एकशे बहात्तर," तो म्हणाला.

यार्मिलानं त्याच्या डोक्यावरून नजर खाली आणली. मग म्हणाली, "मी एकशे पंचाहत्तर."

तीनच सेंटिमीटरचा फरक! एवढा तर खपून जातो, असा ओटाकरनं हिशेब केला आणि तिला नाचायला नेलं. वर्षभरात लग्न झालं. उंचीचा विषय त्यानंतर घरात कधी निघाला नाही.

पुढं ओटाकरनं उभं आयुष्य कॅमेऱ्याच्या मागे काढलं. उंची लपवायला ती जगातली सर्वोत्तम जागा. त्याच्या स्टुडिओत पडद्यामागे एक लाकडी ठोकळा असे. नवरदेव नवरीपेक्षा बुटका निघाला, की ओटाकर काही न बोलता तो ठोकळा पायानं पुढे सरकवी, नवरदेव काही न बोलता त्यावर चढे, आणि नवरीचा झगा पुढून पसरला की सगळं झाकलं जाई. लुझाव्कातले निम्मे संसार त्या ठोकळ्यावर उभे राहिले होते म्हणा ना. ओटाकरनं त्यांतल्या कुणाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. बुटक्या माणसाचं दुःख त्याला ठाऊक होतं. तो स्वतः जाड टाचांचे बूट घालायचा, डोक्यावर उंच टोपी घालायचा, आणि रस्त्यानं बायकोबरोबर चालताना फुटपाथवरून चालायचा. ती खाली, रस्त्याच्या कडेनं.

गावाला काय डोळे नव्हते? पण समोरचा माणूस आपलं लग्न, आपल्या पोरांचे पहिले दात, आपल्या आईचा शेवटचा वाढदिवस असं सगळं टिपून ठेवणारा असला, की त्याच्या टाचांकडे कुणी बघत नाही. निदान तोंडावर तरी नाही.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि स्टुडिओ बंद पडला. ओटाकर घरी बसला. यार्मिला आलुबुखाराचा मुरंबा भरून गोड पाव भाजायची, हा ते गरम गरम खायचा. दोन हिवाळ्यांत पोट असं सुटलं, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओटाकर साहेब, हालचाल करा. नाहीतर पुढच्या वेळी मी तुम्हाला गोळ्यांचं ताटच वाढीन."

चालणं त्याला नको होतं, कारण सगळीकडे फुटपाथ नसतात. सायकल नको होती, कारण सीट पार खाली आणल्याशिवाय पाय टेकत नाहीत आणि पार खाली आणलेली सीट सगळ्या गावाला दिसते. अशा वेळी त्याच्या आयुष्यात पायस्कूटर आली.

पायस्कूटर म्हणजे पेट्रोलवाली नव्हे. पुढे मोठं चाक, मागे लहान, मध्ये पाय ठेवायला बुटका पाट. एक पाय पाटावर, दुसऱ्यानं जमीन मागे ढकलायची, दमलं की पाय बदलायचा. सीटच नाही, तेव्हा सीटची भानगडही नाही. त्या भागात सत्तरीचे म्हातारेसुद्धा तिच्यावरून पाव आणायला जातात. लुझाव्कात तर शाळेचे निवृत्त व्यायामशिक्षक व्राटिस्लाव क्लिमेश यांनी पेन्शनरांची मंडळीच काढली होती. क्लिमेश ताडमाड माणूस, नोकरी सुटली तरी शिट्टी गळ्यातून सुटली नव्हती. दर बुधवारी कालव्याच्या काठानं मंडळी निघायची, आणि निघण्यापूर्वी क्लिमेश प्रत्येकासमोर उभं राहून तपासणी करायचे.

"हँडल बेंबीला!" ते ओरडायचे. "बेंबीच्या जरा वर चालेल, छातीला नाही चालणार! खांदे खाली, कोपर किंचित वाकलेलं! हेडविका बाई, तुमचं हँडल गुडघ्यात गेलंय, काय बटाटे काढताय का?"

ओटाकर सिल्वाच्या दुकानात गेला. सिल्वा गावची सायकल-दुरुस्तीवाली. चाळिशीची, बोलायला फटकळ. नेमके तिथं क्लिमेश ब्रेकचे रबर बदलून घ्यायला बसले होते.

"उंची?" सिल्वानं विचारलं.

"एकशे बहात्तर."

सिल्वानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरपासून खालपर्यंत यायला तिला फार वेळ लागला नाही.

"बुटांसकट?"

"बुटांसकट कुणी मोजतं का?" ओटाकर म्हणाला. क्लिमेशनी शिट्टीशी चाळा करत खिडकीबाहेर पाहिलं.

सिल्वानं खांदे उडवले आणि एकशे बहात्तरच्या माणसाला शोभेल असं हँडल लावून दिलं. ओटाकर पाटावर चढला. हात पुढं न जाता वर गेले. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण क्लिमेश बघत होते, म्हणून तो म्हणाला, "अजून दोन बोटं वर घे. माझे हात लांब आहेत."

"अहो फोटोग्राफर साहेब, खिडकीच्या गजाला लोंबकळल्यासारखे दिसताय तुम्ही."

"मला असंच आवडतं. मोकळं मोकळं वाटतं."

सिल्वानं अजून दोन बोटं वर घेतलं, ब्रेकची वायर ताणली गेली म्हणून ती बदलून लांब घातली, आणि बोल्ट सैल करायची एक ॲलन-की त्याच्या हातावर ठेवली. "ही असू द्या जवळ," ती म्हणाली. "मोकळं वाटायचं थांबलं तर."

घरी आल्यावर त्यानं यार्मिलाला अंगणात चालवून दाखवली. यार्मिला दारात उभी राहून बघत होती. तिचे ओठ एकदा हलले, मग मिटले.

"छान आहे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ मोठा सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बुधवारच्या मंडळीत ओटाकर पहिल्या दिवसापासून शेवटी. तपासणीत क्लिमेश त्याच्या हँडलपुढून आभाळाकडे बघत पुढे सरकायचे. हँडल छातीशी आल्यामुळे खांदे कानांना टेकायचे, मनगटं दुखायची, आणि अंग पुढे झुकवता येत नसल्यामुळे पायाच्या लाथेत जोरच यायचा नाही. तो जमीन ढकलायचा आणि जमीन त्याला दाद द्यायची नाही. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी हेडविका बाई, जिला गाव बदकंवाली म्हणून ओळखायचं, तीसुद्धा टोपलीत कोबी घालून त्याला मागे टाकून जायची आणि जाताना म्हणायची, "सावकाश हं, फोटोग्राफर साहेब. घाई कुणाला आहे?"

रोज संध्याकाळी यार्मिला त्याच्या मानेला घोड्याचं मलम चोळायची. त्या मलमाचा वास असा, की शेजारचा कुत्रा कुंपणापाशी येऊन बसायचा.

"हँडल जरा..." एकदा ती म्हणाली.

"जरा काय?"

"काही नाही. पुसून ठेव, गंजेल."

असाच एके सकाळी तो एकटा निघाला होता. दफनभूमीच्या भिंतीमागे मानेत अशी कळ आली, की तो उतरला आणि गवतात बसला. बसल्याबसल्या खिशात ॲलन-की टोचली. त्यानं चारी बाजूंना पाहिलं. भिंतीपलीकडचे लोक काही बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यानं हँडलच्या दांड्यावरचा बोल्ट सैल केला, दगडानं वरून हलकेच ठोकला, आतली पाचर सुटली आणि हँडल सुळकन खाली आलं. बेंबीच्या जरा वर थांबवलं. पुढचं चाक दोन पायांत धरलं, हँडल सरळ केलं, बोल्ट आवळला, मग हँडल पिळून बघितलं. हलत नव्हतं.

तो पाटावर चढला, आणि पहिल्याच लाथेला त्याच्या तोंडून "आई गं!" निघालं. दुखलं म्हणून नव्हे. खांदे आपोआप खाली आले होते, कोपरांत लवचीकपणा आला होता, छाती थोडी पुढं झुकली होती आणि मागचा पाय कमरेपासून झोपाळ्यासारखा फिरत होता. कालव्याचं पाणी बाजूनं सरकायला लागलं, मग पळायला लागलं. पॉपलरची झाडं एकामागून एक मागे पडू लागली. एका सायकलवाल्या जोडप्याला त्यानं मागे टाकलं आणि त्यांना 'नमस्कार' म्हणताना त्याला दमही लागला नव्हता. कुलूपदारापर्यंत, जिथं बोटी खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात चढतात, तिथपर्यंत तो गेला आणि कठड्याला टेकून एकटाच हसत बसला. पोरगं असताना बापाच्या स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत पहिला फोटो पाण्यातून उमटताना पाहिला होता, त्यानंतर इतकं बरं त्याला क्वचितच वाटलं असेल.

परत येताना दफनभूमीच्या भिंतीमागे उतरून त्यानं हँडल पुन्हा छातीपर्यंत चढवलं आणि मान अवघडून गावात शिरला.

मग तोच नेम झाला. जाताना भिंतीमागे हँडल खाली, येताना वर. उन्हाळा संपेपर्यंत पोट निम्मं झालं, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. यार्मिलाला कळेना की बुधवारी मंडळीबरोबर जाऊन आला की मलम लागतं आणि एरवी शीळ घालत येतो, हे काय गौडबंगाल आहे.

घोटाळा केला हेडविका बाईंनी. एका बुधवारी तपासणीच्या रांगेत त्या म्हणाल्या, "फोटोग्राफर साहेब, काल कुलूपदाराशी तुमच्यासारखाच एक माणूस पाहिला. हुबेहूब! टोपी तीच, नाक तेच. फक्त बुटका होता, हँडल पार बेंबीशी. आणि पळत काय होता! माझी बदकं पाण्यात उडाली."

सगळ्यांच्या माना ओटाकरकडे वळल्या. एखाद्यानं म्हटलं असतं की तो मीच. ओटाकरच्या तोंडून निघालं, "तो एमिल. माझा चुलतभाऊ."

"तुम्हाला चुलतभाऊ आहे?" क्लिमेशनी विचारलं.

"आहे एक. आमच्या घराण्यात तोच तेवढा बुटका निघाला."

क्लिमेशचे डोळे चमकले. सप्टेंबरच्या शेवटी, नवी वाइन फसफसायला लागली की, लुझाव्का आणि पलीकडच्या वेस्की गावाच्या पेन्शनरांची कालव्याच्या काठानं शर्यत व्हायची, आणि वेस्कीवाले दर वर्षी जिंकायचे.

"एमिलला आणा!" क्लिमेश म्हणाले. "नात्यातला आहे म्हणजे आपल्याच गावचा धरू!"

"तो लाजाळू आहे."

"मी त्याच्याशी बोलतो. फोन द्या."

"फोन वापरत नाही तो. तत्त्वाचा माणूस आहे."

आठवडाभरात एमिल गावभर झाला. खानावळीत त्याच्या नावानं बिअर रंगायला लागली. कुणी म्हणे तो सर्कशीत होता, कुणी म्हणे त्याची बायको पळून गेली, तेव्हापासून तो पळतोय. हेडविका बाईंनी तर तो आपल्याकडे बघून हसला असंही सांगितलं, आणि सांगताना केस सारखे केले. ओटाकरला त्यांच्यासाठी थोडं वाईट वाटलं, आणि एमिलचा थोडा हेवाही.

घरी यार्मिला बटाटे सोलता सोलता म्हणाली, "ओता, कोण रे हा एमिल?"

"चुलतभाऊ."

"तुझ्या बापाला भाऊच नव्हता."

ओटाकरनं सोललेला एक बटाटा उचलून उगाच धुवायला घेतला.

"बरं," यार्मिला म्हणाली. "जेवायला बोलव एकदा. कसा आहे ते बघू तरी." आणि सोललेला बटाटा तिनं भांड्यात जरा जोरातच टाकला.

शर्यतीच्या दिवशी कालव्याकाठी अख्खं गाव लोटलं होतं. पुलाजवळ शेवटची रेघ, रेघेपाशी बँडवाले, त्यांच्या शेजारी गोड पोळ्यांची परडी आणि गढूळ नव्या वाइनचे बुधले. एमिलला ताप आल्याचं ओटाकरनं जाहीर केलं. क्लिमेशचा चेहरा उतरला.

"मग तुम्ही तरी भाग घ्या," ते सुस्कारा सोडून म्हणाले. "आकडा भरायला."

आकडा भरायला! हे शब्द ओटाकरला लागले. शिट्टी वाजली, सगळे सुटले, आणि ओटाकर नेहमीप्रमाणे खांदे कानांना लावून मागे पडला. पण पहिल्या वळणाशी एल्डरच्या दाट झुडपामागे तो थेट आत घुसला, खाली उतरला, ॲलन-की काढली. बोल्ट सैल. दगड. पाचर. हँडल खाली. चाक पायांत धरून तो बोल्ट आवळणार, एवढ्यात मागून 'क्वॅक क्वॅक' असा कल्ला आला आणि झुडूप बाजूला सारून हेडविका बाईंचं तोंड आत आलं. त्या दिवशी गुडघा धरल्यामुळे त्या शर्यतीत नव्हत्या. बदकं घेऊन बघायला आल्या होत्या.

"एमिल!" त्या म्हणाल्या. आवाजात मध होता. "आलात होय तुम्ही! ताप उतरला?"

ओटाकरनं बोल्ट बोटानं दोन आटे फिरवला, ॲलन-की गवतात टाकली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि पाटावर उडी मारून जो सुटला, तो सुटलाच.

त्यानं आधी आपल्या गावचे दोघं गाठले. मग वेस्कीचा एक जाड्या. मग वेस्कीचीच एक आजीबाई, जी दर वर्षी जिंकायची. लाथ, लाथ, लाथ, पाय बदल. काठावरची माणसं उठून उभी राहिली.

"एमिल! अरे, एमिल आला!" कुणीतरी ओरडलं.

"एमिल! एमिल!" क्लिमेश शिट्टी विसरून नाचायला लागले. बँडवाल्यांनी कुणी न सांगताच पोल्का सुरू केला. ओटाकरच्या पुढे आता एकही माणूस नव्हता. पुलाजवळ रस्ता डावीकडे वळत होता, वळणापलीकडे रेघ दिसत होती. ओटाकरनं हँडल डावीकडे वळवलं.

हँडल वळलं. चाक वळलं नाही.

चाक सरळ गेलं. चाकाबरोबर पाट गेला, पाटाबरोबर ओटाकर गेला, डावीकडे वळलेलं हँडल हातात घट्ट धरून. गोड पोळ्यांची परडी उडाली, ट्युबावाल्यानं आपल्या अजस्र पितळी ट्युबासकट उडी मारली, आणि गवताच्या उतारावरून ओटाकर सन्मानपूर्वक कालव्यात उतरला.

पाणी उडालं. पोल्का थांबला. टोपी वर आली. मागोमाग ओटाकरचं कपाळ आलं आणि पुन्हा खाली गेलं.

"घाबरू नका, एमिल!" क्लिमेश काठावरून ओरडले. "उभे राहा! गळ्याएवढंच पाणी आहे तिथं!"

"माझ्या गळ्याएवढं!" मागून येऊन थांबलेला वेस्कीचा उंच जाड्या म्हणाला. "गेल्या वर्षी मी पडलोय तिथं."

"मग उभे राहा ना!"

ओटाकर उभाच होता. बुटांत टाचा उचलून, चवड्यांवर, मान मागे टाकून उभा होता. तळाच्या चिखलात त्याचे जाड टाचांचे बूट रुतून बसले होते आणि पाणी नाकाच्या शेंड्याशी खेळत होतं. त्याला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं की कालवा आत यायचा.

तेवढ्यात गर्दी फाडत यार्मिला आली. स्कर्ट वर खोचलेला, चेहरा लाल.

"मूर्खांनो, उभे राहा काय म्हणताय!" गोलच्या जाळीपुढून हाक मारावी अशी तिची हाक पुलाच्या कमानीत घुमली. "एकशे त्रेसष्ट आहे तो! एकशे त्रेसष्ट! बुडेल माझा नवरा!"

आणि बँड, दोन गावं आणि समस्त बदकांसमोर तिनं पाण्यात उडी टाकली. तिला पाणी खांद्यांच्या खालीच लागलं. दोन ढांगांत ती पोचली, काखेत हात घालून नवऱ्याला उचललं आणि काठावर आणून ठेवलं. बूट खालीच राहिले.

कुणीतरी घोंगडी आणली. ओटाकर अनवाणी, निथळत, गवतावर बसला. सगळी माणसं भोवती कडं करून उभी होती. शेवटी क्लिमेशनी घसा साफ केला.

"फोटोग्राफर साहेब," ते म्हणाले, "पण मग एमिल..."

ओटाकरनं कालव्याकडे पाहिलं.

"एमिल बुडाला," तो म्हणाला.

हेडविका बाईंनी छातीवर क्रूस काढला. मग ट्युबावाल्याच्या पोटातून एक विचित्र आवाज आला, तो हसू दाबत होता. त्याचं दाबलेलं सुटलं, की शेजारच्याचं सुटलं, मग वेस्कीच्या आजीबाईंचं, आणि मग कालव्याच्या दोन्ही काठांनी असं हसू उसळलं, की बदकं दुसऱ्यांदा उडाली. ओटाकरनं हे हसू जन्मभर टाळलं होतं. आता ते अंगावर आलं आणि अंगावरून गेलं. आणि घोंगडीखाली त्याच्या लक्षात आलं, की आपणही हसतोय, नाकातून पाणी येईपर्यंत.

माणसं पोळ्या गोळा करायला पांगली, तेव्हा यार्मिला शेजारी येऊन बसली. तिच्याही केसांतून पाणी गळत होतं.

"तुला कधीपासून माहीत?" ओटाकरनं विचारलं.

"ओता, तुझ्या पँटी कोण आखूड करतं?"

"मग बोलली का नाहीस?"

यार्मिला गवताची काडी उपटत बसली. "बोलले असते, तर तू मलाही विचारलं असतंस."

"काय?"

"मी एकशे एक्क्याऐंशी आहे."

ओटाकरनं तिच्या टाचांपासून डोक्यापर्यंत नजर फिरवली.

"त्या नाचाला तू बहात्तर म्हणालास," ती म्हणाली. "मला दिसत होतं की तू बहात्तर नाहीस. म्हटलं, हा पोरगा माझ्यासाठी एवढा ताणतोय, तर आपण थोडं वाकावं. पोरं मला शिडी म्हणायची रे. तू पहिलाच आलास विचारायला."

"मला वाटायचंच," ओटाकर म्हणाला. "फोटोत तुझे गुडघे फार लांब यायचे."

तिनं ओल्या कोपरानं त्याला ढोसलं.

सिल्वा तोवर गळ टाकून पायस्कूटर काढून घेऊन आली होती. दांड्यावरचा बोल्ट तिनं नुसत्या बोटानं फिरवून दाखवला आणि ओटाकरकडे असं काही पाहिलं, की त्यानं घोंगडी डोक्यावरून घेतली.

"या, उभे राहा पाटावर," ती म्हणाली. "आज बूट नाहीत, बरं झालं. शिका, म्हणजे पुन्हा कालव्यात जायला नको. सरळ उभे राहा. छाती फुगवू नका, फोटो काढत नाहीये. हात सोडा. आता हात पुढे करा, सहज. हां. हँडल इथं."

तिनं पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, हँडल सरळ केलं, बोल्ट आवळला आणि त्याला पिळून बघायला लावलं. मग पक्कड काढून ब्रेकची लांब घातलेली वायर मापात कापून टाकली.

"आता वर जाणार नाही," ती म्हणाली. "वर न्यायचं तर माझ्याकडे यावं लागेल आणि मी येऊ देणार नाही."

शर्यत अर्थातच वेस्कीच्या आजीबाईंनी जिंकली. क्लिमेशनी हुज्जत घातली, की आमचा माणूस पुढे होता, पाण्यातून का होईना. वेस्कीवाल्यांनी विचारलं, कुठला माणूस, ओटाकर की एमिल? त्यावर क्लिमेश पोळ्यांच्या परडीकडे वळले.

पुढचा सगळा हिवाळा खानावळीत ओटाकर शिरला, की कुणीतरी मोठ्यानं विचारायचं, "एमिलची काही बातमी?" आणि ओटाकर टोपी काढून ठेवत सांगायचा, "अजून सापडला नाही बिचारा." नव्या बुटांच्या टाचा साध्या होत्या. पहिले काही दिवस घराचे उंबरे त्याला वेगळेच वाटले, मग सवय झाली. हेडविका बाई मात्र महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी त्यानं त्यांच्या बदकांचे छान फोटो काढून नेऊन दिले. फोटो त्यांनी घेतले, पण म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा तो बरा होता."

वसंतात यार्मिलानंही पायस्कूटर घेतली. सिल्वानं विचारलं तेव्हा तिनं एका दमात एकशे एक्क्याऐंशी सांगितलं आणि लाल झाली. सिल्वाला दुकानातला सगळ्यात लांब दांडा शोधावा लागला.

आता दोघं सकाळी बरोबर निघतात. फुटपाथ लागला तर दोघंही फुटपाथवरून, नाहीतर दोघंही रस्त्यावरून. यार्मिलाच्या लाथेत ताकद आहे, पण पाय बदलताना ती घोटाळते, थांबते, पुन्हा सुरुवात करते, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलते. त्यामुळे कुलूपदाराच्या आधीच्या चढावर ती दर वेळी मागे पडते.

ओटाकर वर जाऊन थांबतो. कठड्याला टेकून उभा राहतो, खालून ती येताना बघतो. ती येते, धापा टाकत, केस कपाळाला चिकटलेले.

"दमलास?" ती विचारते.

"हो गं," ओटाकर म्हणतो आणि थोडा वेळ तोही धापा टाकतो.